मर्यादा कमी करण्याचा अर्ज

माझ्या गवताच्या वखारीवरचा ओव्हरड्राफ्ट कसा फिटला, याविषयी आमच्या पंचक्रोशीत जे सांगितले जाते ते खोटे आहे. बँकेने हात आखडला म्हणून फिटला, असे लोक म्हणतात. माझे थोरले बंधू म्हणतात, त्यांच्या सहीमुळे फिटला. घरात आणखी तिसरेच काही सांगितले जाते. मी अजून जिवंत आहे, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि खात्याचे सगळे उतारे माझ्या कपाटात आहेत. तेव्हा जे झाले ते मीच सांगावे, हे योग्य.

शेणव्याच्या पुढे रस्त्याला लागून माझी वखार आहे. दिवाळीच्या सुमारास सिद्धगडाच्या पायथ्यापासूनच्या माळांवरचे गवत कापले जाते. ते मी विकत घेतो, यंत्रावर दाबून त्याच्या गाठी बांधतो आणि वर्षभर मुंबईकडच्या म्हशींच्या तबेल्यांना पुरवतो. या धंद्यात पैसा दोन महिन्यांत जातो आणि दहा महिन्यांत परत येतो. म्हणून ओव्हरड्राफ्ट. खात्यातला स्वतःचा पैसा संपला तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँक उचल देते, आणि जेवढी उचल जितके दिवस राहील तेवढेच व्याज घेते. माझी मर्यादा पाच लाखांची होती. तिला तारण होता आम्हा दोघा भावांचा सामाईक माळ, वडिलांनी राखलेला. दादांची सही लागली, ती त्यांनी केली, आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला.

पहिली काही वर्षे खाते हिवाळ्यात खाली जाई आणि पावसाळा सरेपर्यंत वर येई. पुढे ते वर येईनासे झाले. त्याचे कारण मी लपवणार नाही. मर्यादेलाच मी शिल्लक समजू लागलो होतो. खात्यात किती आहेत असे कोणी विचारले, तर उचलायचे राहिलेले साठ हजार मी माझे म्हणून सांगत असे. त्यातूनच ओटीला फरशी झाली, जीप आली, पुतणीच्या लग्नाचा मांडव मी घातला. त्याच मांडवात, हळदीच्या दिवशी, दादा व्याह्यांना म्हणाले, "आमचा धाकला एवढं करतो ते माझ्या सहीवर, बरं का." मी पंगतीत वाढत होतो. हातातली बादली खाली ठेवावी असे क्षणभर वाटले. ठेवली नाही.

त्याच वर्षी नूतनीकरणाच्या कागदांसाठी बँकेत गेलो, तेव्हा खिडकीमागे एक नवी अधिकारी मुलगी होती. तिने उतारा दोनदा वरखाली पाहिला.

"काका, हे खातं दोन वर्षं तळाला बसलंय."

"व्याज कधी थकवलंय का मी?"

"नाही. पण तेही तुम्ही याच खात्यातून उचलून भरता."

"मग? खातं माझंच आहे ना?"

"खातं तुमचं, काका. पैसे बँकेचे. आणि जमीन तुम्हा दोघांची."

मी रागाने उठलो. तिच्या वरिष्ठांकडे तक्रार करण्याच्या विचारात एसटीच्या थांब्यापर्यंत आलो. परंतु तिचे शेवटचे वाक्य माझ्याबरोबर एसटीत चढले आणि शेणव्याला माझ्याबरोबरच उतरले. धंदा बुडाला असता तर माझे काय व्हायचे ते झाले असते. दादांचा माळ मात्र माझ्या फरशीपायी आणि माझ्या जीपपायी गेला असता. मग ते मांडवात जे बोलले ते खरेच ठरले असते. ते मला मान्य नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी रीत बदलली. तबेलेवाल्यांचे पैसे पूर्वी आठवडाभर घरच्या पेटीत पडून राहत आणि शनिवारी बँकेत जात. आता ज्या दिवशी हाती येतील त्याच दिवशी मी ते भरू लागलो, मग ते चार हजार असोत की चाळीस. उचल एक दिवस जरी कमी राहिली तरी एका दिवसाचे व्याज वाचते. लोक हसत. "शेट देवळात गेल्यासारखा रोज बँकेत जातो," असे चहाच्या टपरीवर म्हटले जाई. जावो. खाते पंचवीस हजारांनी वर आले, आणि त्याच दिवशी मी अर्ज दिला: माझी मर्यादा पंचवीस हजारांनी कमी करावी.

त्या मुलीने अर्ज वाचून चष्मा काढला. "काका, लोक वाढवून मागतात."

"मला माझा हात ठाऊक आहे. जागा ठेवलीत तर तो तिथे जाईल."

असे अर्ज मी पुढे पुन्हा पुन्हा दिले. जीप विकली, कोणी ओढून नेली नाही. विक्रीची पावती उताऱ्यांच्या शेजारीच ठेवलेली आहे. परंतु खिडकीपाशी माझ्यामागे उभ्या असलेल्या कोणीतरी अर्धेच ऐकले आणि गावात येऊन पूर्ण सांगितले, की बँकेने म्हाताऱ्याचे लिमिट कापले.

त्याचा परिणाम गवताच्या हंगामात दिसला. सिद्धगडाच्या बाजूचा एक शेतकरी, ज्याच्या बापापासून मी गवत घेत आलो, वखारीत येऊन गाठीवर बसला.

"शेट, यंदा रोख द्या. गाडी भरायच्या आधी."

"वीस वर्षांत कधी मागितलंस रे?"

"वीस वर्षां तुमच्यामागं बँक होती. आता ती नाय, असं बोलतात."

"कोण बोलतं?"

"न्हाव्यापासून सगळेच." तो ओशाळून हसला. "तुमी जीप पण इकली. माझी बायको बोलली, शेट एसटीनं हिंडतो, त्याला उधार गवत दिलंस तर उरलेलं तूच खा."

मी खिशातून अर्जाची नक्कल काढून त्याच्यापुढे धरली. खाली माझी सही, वर बँकेचा शिक्का. त्याने ती नीट वाचली आणि परत दिली. "लिमिट कोण आपणहून कमी करून घेतो, शेट? हा कागद तुमीच लिवलेला दिसतो."

"मीच लिहिला आहे! तेच सांगतोय!"

"तेच तर," तो म्हणाला.

त्या हंगामात मी दरवर्षीच्या एक तृतीयांश गवत घेतले, तेवढीच रोख होती. बाकीचे मुरबाडच्या एका व्यापाऱ्याने उचलले. त्याचे ट्रक माझ्या वखारीसमोरून जात तेव्हा त्यांवरून गळणाऱ्या काड्या माझ्या दारात पडत. चौथ्या दिवशी मी घरी येऊन पत्नीला विचारले, चेकबुक कुठे आहे.

"भातात."

"काढ."

"कशाला?"

"लिमिटपर्यंत उचलतो. सगळं गवत घेतो. तोंडं बंद करतो सगळ्यांची."

"घ्या की. कणगी उपसा. तळाला हाय."

कणगी नव्या भाताने काठोकाठ भरलेली होती. मी कोपरापर्यंत हात घातला. भात आतून ऊबदार होता. खाली अजून पुरुषभर भात होता, आणि पत्नी सुपात तांदूळ पाखडत, माझ्याकडे न पाहता बसली होती. मी हात काढून घेतला.

तिचे म्हणणे असे की तिने चेकबुक लपवले म्हणून आम्ही वाचलो. वस्तुस्थिती अशी की चेकबुक तिच्या हवाली मी स्वतः केले होते. ठेवण्याची जागा तेवढी तिची. आणि कणगी मला उपसता आली असती. त्या वयातही मी दोन माणसांचे काम करीत होतो. उपसली नाही, हा निर्णय माझा होता. यावर आमचे आजतागायत एकमत झालेले नाही.

पुढच्या हंगामात तोच शेतकरी रोख न मागता गाडी घेऊन आला. मुरबाडच्या व्यापाऱ्याने त्याचे निम्मे पैसे शिमग्यापर्यंत लांबवले होते, आणि माझ्याकडे आलेल्यांना त्याच दिवशी मिळाले होते.

तिसऱ्या वर्षी उचल शून्यावर आली. मी खाते बंद केले, बँकेचे काही येणे नसल्याचा दाखला घेतला, तलाठ्याकडे फेरफार करून घेतला आणि बोजा उतरलेला नवा सातबारा घेऊन दादांच्या ओटीवर गेलो. ते सुपारी कातरत होते. त्यांनी चष्मा लावून इतर हक्कांचा रकाना बोटाने शोधला.

"बोजा गेला?"

"गेला."

"म्हणजे माझी सही सुटली."

"सुटली."

"मी नसती केली तर रे?"

"दुसरं तारण दिलं असतं."

"कुठलं? तुझी जीप?" आणि ते इतके हसले की सुपारी सांडली.

या विषयात त्यांचे एवढेच मी मान्य करतो. सही मागायला गेलो त्या दिवशी ते आवणात, भाताच्या लावणीच्या चिखलात, होते. बांधावर येऊन त्यांनी हातांचा चिखल पाण्यात धुतला, हात धोतराला पुसले आणि विचारले, "कुठे करू?" किती रक्कम, कशासाठी, परत कधी, यातले काहीही विचारले नाही. हे मला कोणी सांगितलेले नाही. मी समोर उभा होतो. त्यांच्या सहीमुळे ओव्हरड्राफ्ट मिळाला. फेडला मी.

सातबाऱ्याची घडी घालून त्यांनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"माळाचं गवत यंदा तूच घेणार ना? माझ्या हिश्शाचे रोख दे हां. तुझ्यामागं आता बँक नाय."

रोख माझ्या खिशात होती. दोघांनी मिळून गवताचा अदमास केला, आणि मी तिथेच, त्यांच्या ओटीवर, पूर्ण रक्कम मोजून दिली. त्यांनी ती पुन्हा मोजली. ही एवढी गोष्ट मात्र दादा कोणत्याही हळदीत सांगत नाहीत.