शेवटचा बुरूज

पेडण्याच्या बाजारात काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की ते संगणकावरची लढाई थांबवतात, कागद काढून देतात आणि पुन्हा लढायला बसतात. खेळतात नेहमी एकटेच, संगणकाविरुद्ध. "समोर माणूस आसलो तर थांब म्हटल्यार थांबता काय तो?"

शिपाई कितीही पडले तरी चालतील, पण त्यांच्या राज्यातला लाकूडतोड्या मरता कामा नये. एक जरी मेला, तरी ते जिंकत आलेली लढाई पहिल्यापासून सुरू करत. म्हणून मोहिमेच्या शेवटच्या गडापाशी ते कित्येक महिने अडले होते. बघून माझंच डोकं फिरायचं.

काल रेशनकार्ड घेऊन गेलो, तर दुकानात गर्दी आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर. शत्रूचा एकच बुरूज उरला होता, पण ह्यांचं सैन्य संपलं होतं. उरले होते फक्त लाकूडतोडे.

"काका, तेंकाच धाडा!" मी ओरडलो.

त्यांनी खेळ थांबवला. चपला काढल्या, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, हीं माजीं लेकरां कुराडी घेवन चल्ल्यांत, तेंका सांबाळून परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं दुकान गरजलं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

कुऱ्हाडी चालल्या, बुरूज कोसळला, विजयाची अक्षरं झळकली. आम्ही टाळ्या पिटत होतो. ते मात्र पडद्याला बोट लावून एकेक लाकूडतोड्या मोजत होते.

"सगळे आसत," ते म्हणाले. मग चपला घातल्या आणि माझ्यापुढे हात केला. "हाड आता तुजा रेशनकार्ड."