घंटेच्या फोटोतली सावली

नवरा गेल्यावर सात महिन्यांनी त्याच्या फोनवर मेल आला, 'तुम्ही सुचवलेलं ठिकाण नकाशावर घेतलं आहे.' तो फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्ज करत होते.

त्याला एका मोबाइल गेमचा नाद होता. गावातले पुतळे, पार, कारंजी त्या गेमच्या नकाशावर असतात. चालत तिथवर गेलं की गुण मिळतात. नवी ठिकाणं खेळणारेच सुचवतात. त्यानं देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या चर्चच्या आवारातली घंटा सुचवली होती. एका रविवारी संध्याकाळी तिथं जाऊन त्यानं फोटो काढला होता. ऊन पाठीवर असणार, कारण घंटेखालच्या जमिनीवर त्याची लांब सावली पडलेली दिसते.

मी गेम शिकले. नाशिकरोडहून बसनं सकाळी कॅम्पात जायचे, घंटेपाशी उभी राहायचे. स्क्रीनवर फोटो उघडायचा. सावली तिथंच असायची. हळूहळू इतरही खेळणारे येऊ लागले, कोणी बाइकवरून, कोणी पायी.

त्याच आवारात मागच्या दोन खोल्यांत बालवाडी भरायची. एक दिवस तिथल्या बाई माझ्याकडे आल्या.

"मॅडम, ही माणसं फोन घेऊन इथं का उभी राहतात? आमची मुलं सुट्टीत इथंच खेळतात. पालक विचारायला लागलेत."

मी गेमचं सांगितलं.

"हे टाकलं कोणी?"

"माझ्या मिस्टरांनी."

"मग त्यांनाच सांगा ना काढायला."

मी होकारार्थी मान हलवली.

घरी येऊन नियम वाचले. चर्च चालतं, लहान मुलांच्या शाळेचं आवार चालत नाही. जागा दोघांची असेल, तर मुलांच्या वापरातला भाग वगळायचा. रविवारी बालवाडी बंद, त्याला कुठून कळणार? मला पळवाट हवी होती. म्हणून पुन्हा गेले आणि अंतर मोजलं. घंटेपासून घसरगुंडी जेमतेम पंधरा पावलांवर.

मी मोजत असताना एका छोट्या मुलीनं माझ्या मागे बघून हात हलवला.

"कोणाला टाटा करतेस गं?" बाईंनी विचारलं.

"त्या काकांना."

मी वळून पाहिलं. घंटा होती, भिंत होती. माणूस नव्हता.

"खेळणाऱ्यांपैकी कोणी असेल, गेला असेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र उतरला होता. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. माझ्या त्या सुखासाठी मी परक्या माणसांना या मुलांसमोर उभं करत होते.

त्याच दुपारी त्याच्याच फोनवरून ठिकाण काढण्याची विनंती पाठवली. तो फोटो गेममधूनच काढलेला, फोनच्या गॅलरीत नव्हता; स्क्रीनशॉट काढून ठेवता आला असता. हात गेला नाही. चार दिवसांत नकाशावर तिथं नुसतं रिकामं हिरवं उरलं.

बाईंना सांगायला गेले. "काढलं," म्हटलं.

"मिस्टरांना थँक्यू सांगा हं."

"ते वारले, बाई. मागच्या वर्षी."

त्यांनी आतून खुर्ची आणून व्हरांड्यात ठेवली आणि माझा हात धरून मला बसवलं. मुलं डबे खात होती. मी शाळा सुटेपर्यंत बसले. एकेकाची आई येऊन त्याला घेऊन गेली. शेवटी फाटक लावायला आलेल्या मावशींनी मला विचारलं, "ताई, तुम्ही कोणाला न्यायला आलात?"

मी घंटेकडे पाहिलं. मग बाईंनीच त्यांना खुणेनं आत बोलावलं.