माझं खोटं अपेंडिक्स

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग पुढचं ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि बोल मला लावाल. तर मंडळी, मी एकदा पोरीचं कॉलेज तपासायला गेले आणि स्वतःच भरती होऊन बसले. कॉलेजात नाही हो, दवाखान्यात!

मी सातवी शिकलेली. गिरणाऱ्याला आमचं टोमॅटोचं वावर. लग्न लवकर झालं, त्यामुळे लेक ऋतुजा बारावीला गेली तेव्हा नवीन बाया मला तिची बहीण समजायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! ही पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेत अशी पास झाली की दोन कॉलेजांत जागा मिळत होती. एक शहरातलं, काचेचं, भारी फीचं. त्यासाठी विहिरीजवळचं वावर विकावं लागणार होतं. दुसरं शहराबाहेरचं, जुनं. पण तिथून सांगितलं, मुलीला पूर्ण स्कॉलरशिप देतो. फी माफ, होस्टेल माफ, जेवणसुद्धा माफ!

दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते. मी रडायला बसले.

आमचे हे वैतागले. "आता काय झालं?"

"अहो, ते फुकट का देऊ राहिले?"

"पोरगी हुशार हाय म्हणून!"

"मग काचेचं कॉलेज का नाही देत? त्यांना ती हुशार दिसत नाही का?"

हसू नका. आमच्या धंद्यात फुकट म्हटलं की आधी खोट शोधतात. एका नर्सरीवाल्याने मला ढोबळी मिरचीची रोपं फुकट दिली होती. पोटच्या लेकरासारखी वाढवली. झाडं माझ्या खांद्याला लागली, पण मिरची? एक नाही! मी घरात सांगून टाकलं, वावर गेलं तर गेलं, पण पोरीचं आयुष्य फुकटच्या रोपावर लावायचं नाही.

बाप-लेक एका बाजूला, मी एका बाजूला. आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

मग मला युक्ती सुचली. मार्केटला मुरलेला व्यापारी क्रेटमधले वरचे टोमॅटो बघतच नाही. वर सगळेच लालचुटुक लावतात. (आम्हीही लावतो, कुणाला सांगू नका.) तो क्रेट उलथा करतो आणि तळ बघतो. म्हटलं, आपणही या कॉलेजचा तळ बघायचा. आणि दवाखान्याचा तळ कुठे असतो? पेशंटच्या रांगेत!

"सिन्नरला बहिणीकडे जाऊन येते," असं सांगून मी बस धरली आणि थेट त्या कॉलेजच्या दवाखान्यात. खिडकीवर केसपेपर काढताना खोटं नाव सांगायचं ठरवलं होतं. पण घाबरून माझं खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं, यांचा मोबाइल नंबरही देऊन टाकला. अशी मी हेर!

आत एक शिकाऊ डॉक्टरीण बसलेली. हसरी, सावळी, लांब वेणी. "बोला मावशी, काय होतंय?"

मावशी! तिथेच अर्धी आजारी पडले.

"पोटात दुखतंय," मी म्हटलं. पोट बरं असतं, कुणाला आतलं दिसत नाही.

"आधी बेंबीपाशी दुखलं आणि मग खाली उजवीकडे सरकलं का?"

आता मला काय माहीत? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते. म्हटलं, "हो!"

"मळमळ?"

"हो, हो!"

"जेवण जातंय?"

सकाळपासून धास्तीने चहासुद्धा घेतला नव्हता. "छे!"

मग तिने पोट दाबून एकदम हात सोडला. "दाबल्यावर जास्त दुखलं की सोडल्यावर?"

पुन्हा तिचे डोळे बघितले आणि ठोकून दिलं, "सोडल्यावर! आई गं!"

अहो, शाळेत कधी माझं एक उत्तर धड आलं नाही आणि इथे एकही चुकेना! तिने दुसऱ्या शिकाऊ पोरांना बोलावलं. ती पोरं एकेक करून पोट दाबायची आणि मी एकेकाला "आई गं" म्हणायची. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

"अपेंडिक्स वाटतंय," ती म्हणाली. "मावशी, भरती व्हावं लागेल. पाणीसुद्धा प्यायचं नाही. वेळ आली तर ऑपरेशन करू, पण घाबरायचं नाही."

मी उठायलाच लागले. "अगं बाई, मला काही झालं नाही!"

"सगळे असंच म्हणतात," म्हणत तिने माझा हात धरला. तो तिने सोडलाच नाही. रक्त काढताना धरला, सलाईन लावताना धरला. बोलता बोलता म्हणाली, "मी हरसूलकडची, मावशी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. इथून शिकून गेलेल्या डॉक्टरांनी मिळून स्कॉलरशिप ठेवलीय, तिच्यावर शिकले. मीही कमवायला लागले की त्यात घालणार आहे."

म्हणजे हे फुकट नव्हतंच! आपल्या आधी कोणीतरी आपल्या पोरीसाठी भरून ठेवलं होतं.

मला तळ दिसला होता हो! पण आता मी सलाईनला बांधलेली. आणि खरं सांगावं तर? "असली खोटारडी आई? हिच्या पोरीला कशाला देता?" असं म्हटलं असतं तर? ज्या स्कॉलरशिपला मी नाक मुरडत होते, तीच आता माझ्या हाताने जाणार होती.

तेवढ्यात हे आणि ऋतुजा धावत आले. यांचे पाय चिखलाने भरलेले, पोरगी रडून लाल.

"तू तर सिन्नरला चालली होती ना?" यांनी विचारलं.

मी ऋतुजाच्या कानात पुटपुटले, "मला काही झालेलं नाही गं, मी नाटक करू राहिले."

पोरीने डोळे पुसले आणि डॉक्टरणीला सांगितलं, "तिचं ऐकू नका. ती घाबरली की काहीही बोलते. तुम्ही ऑपरेशन करा!"

आता बोला!

शेवटी मोठ्या मॅडम आल्या. पांढरे केस, बारीक चष्मा. पोराटोरांचा घोळका मागे. त्यांनी पोटाला हात लावला, मी ओरडले. मग त्यांनी कानाला नळी लावली, तिचं टोक पोटावर ठेवलं आणि सहज विचारलं, "शेतात काय लावलंय?"

"टोमॅटो."

"यंदा कसा आहे?"

मग काय, मी सुटलेच! पानांवर करपा रोग कसा पडला, फवारणी कशी वाया गेली, व्यापारी कसा नाक मुरडतो, सगळं सांगत बसले. मॅडम "हं, हं" करत ऐकत होत्या. मग पोरांकडे वळून हसल्या. "बघितलं? हाताने नुसतं शिवलं तरी ओरडल्या. नळीच्या टोकाने त्याच जागी त्याहून जोरात दाबत होते, तर टोमॅटो सांगत होत्या. पोट ठणठणीत आहे. बाई, खरं काय ते सांगा."

मी उठून बसले आणि रडत रडत सगळं ओकले. फुकटची रोपं, क्रेट, तळ, सगळं. "माझी चूक आहे, मॅडम. पोरीची स्कॉलरशिप नका काढू."

हे खाली चिखलाच्या पायांकडे बघत उभे.

मॅडमनी चष्मा काढला. "पोरगी द्यायची म्हणजे तळ बघायलाच हवा. मग? कसा आहे आमचा माल?"

मी त्या वेणीवाल्या पोरीकडे बघितलं. "वरच्यापेक्षा चांगला आहे, मॅडम. किडका टोमॅटो एकच निघाला, तो मीच."

ऋतुजाने तिथेच बसून मोबाइलवर पसंती कळवली. वावर वाचलं. आणि रक्ताचा रिपोर्ट आला, तर माझ्या अंगात रक्तच कमी! खोटं दुखणं घेऊन गेले आणि खऱ्या दुखण्याच्या गोळ्या घेऊन आले. त्या गोळ्यांनी कधीची येणारी चक्कर गेली, पायांत येणारे गोळे गेले. त्या कॉलेजचे उपकार कशाकशाचे मानू?

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, विसरून जा. कशी विसरू? परवा ऋतुजाचा फोन आला, हसून हसून बोलता येईना.

"आई, आज मॅडमनी पोट कसं तपासायचं ते शिकवलं. म्हणाल्या, हात लावल्यावर ओरडणारा प्रत्येक पेशंट आजारी नसतो. मागे एक टोमॅटोवाल्या बाई आल्या होत्या..."

"अगं देवा! नाव सांगितलं?"

"नाही गं. पण सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. परीक्षेला येतं म्हणे."

घ्या! पोरगी डॉक्टर व्हायला अजून अवकाश आहे. सातवी शिकलेली तिची आई मात्र केव्हाच मेडिकलच्या अभ्यासाला लागली!