डाळिंबाच्या सालींचा अर्क

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दादा डाळिंबाच्या साली वाळत घालायचा. इतक्या, की विमानातल्या लोकांना खाली कौलारू गाव वसल्यासारखं दिसायचं. साली उचलून नेतो म्हणून निम्म्या पुण्याचे ज्यूसवाले त्याला वाकून नमस्कार करत.

दादाच्या मोठ्या आतड्याला कित्येक वर्षं सूज होती. वडिलांनाही तीच होती. तिच्यातूनच कॅन्सर झाला आणि ते गेले. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, एवढाच दादाचा हट्ट. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. त्याने कुठेतरी वाचलं, सालींच्या अर्काने उंदरांच्या आतड्याची सूज उतरते. डॉक्टर म्हणाले, माणसांच्या बाबतीत अजून सिद्ध व्हायचंय. गोळ्या आणि दरवर्षीची दुर्बिणीची तपासणी सोडू नका. दादाने काहीच सोडलं नाही. वर अर्क.

मी दादा-वहिनींच्याच घरात राहतो. अर्काचा एक थेंब जिभेवर पडला आणि आठवडाभर माझी वाचा बसली. वहिनींनी म्हणे पेढे वाटले.

यंदाच्या तपासणीत दादाच्या आतड्यात गाठ निघाली. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात वेगाने वाढली होती. ऑपरेशन झालं, पण रोग यकृतात पोचला होता.

त्याच सुमारास माझ्याही आतड्यात सूज निघाली. माझ्या थापांना सरावलेल्या घरात कोणाचा विश्वास बसेना. रिपोर्ट दाखवावा लागला. दादाने तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची ओट्याजवळ ओढून अर्क ढवळायला बसला. गोळ्या मलाही सुरू झाल्या होत्या, पण रोज सकाळी तो स्वतः कप हातात द्यायचा. निम्मा अर्क बशीत सांडायचा.

एकदा त्याने विचारलं, "फरक पडतोय का रे?"

"काल वारज्यापर्यंत चालत जाऊन आलो. पोटाने हूं की चूं केलं नाही." मी लिफ्टपर्यंतसुद्धा गेलो नव्हतो.

"थापा मारू नकोस."

"वहिनींना विचार."

वहिनींनी आजवर माझ्या एकाही गोष्टीला दुजोरा दिलेला नाही. त्या गॅसकडे तोंड करून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "गेले होते भाऊजी. येताना मेथी आणली."

दादाने बशीतला अर्क परत कपात ओतला. मग म्हणाला, "उद्यापासून दोन घे."

दोन महिने मी दोन घेतले. मग दादा गेला.

परवा वहिनी म्हणाल्या, "अर्क संपला हो."

मी म्हटलं, सुटलो. आणि पिशवी घेऊन ज्यूसवाल्याकडे गेलो.