बॅटरीवाल्या नानांची नक्कल

मला नकला येतात हे आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हेडमास्तरांची यायची, रेडिओवरच्या बातम्यांची यायची, भांडी घासता घासता नवऱ्याला शिव्या देणाऱ्या शेजारणीची तर तिच्यासमोरच करून दाखवायचो. पण फर्माईश व्हायची ती एकाच माणसाची. बॅटरीवाल्या नानांची.

जळगावला स्टँडच्या मागे त्यांची पत्र्याची टपरी होती. आत बॅटऱ्यांची रांग, वर तारा, आणि मध्ये नाना. सदऱ्याला ॲसिडने पडलेली इतकी भोकं, की सदरा कुठे आणि भोक कुठे ते शोधावं लागायचं. आवाज नाकातून, जन्माची सर्दी झाल्यासारखा. बॅटरी परत देताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला भाषण द्यायचेच. गिऱ्हाईक ट्रकवाला असो की ट्रॅक्टरवाला, पहिल्यांदा आलेला असो की विसाव्यांदा. हातात पाना घ्यायचे, आणि प्रत्येक वाक्यानंतर टेबलावर ठोकायचे. ठक.

"बठ्ठा बूच काढ पहिले." ठक. "खोलीना दार उघडं ठेव, तिले बी दम लेवाले जागा लागस." ठक. "पहिले बटन बंद कर, मंग चिमटा काढ." ठक. "काडी नको ओढजो, बीडी नको पेटाडजो, नहीं ते ती बी उडी जाई आन तू बी उडी जाशी!" ठक ठक.

मी पान्याऐवजी पळी घ्यायचो आणि पाटावर ठोकायचो. "तू बी उडी जाशी"ला मी नाकात असा काही सूर काढायचो, की माझी माय पोळी तव्यावर टाकून पदर तोंडाला लावायची. पोळी करपायची.

नानांच्या भाषणात शेवटी आणखी एक वाक्य होतं. "डोयामा गयं ते बठ्ठं सोडीसन पानी मार. पानीच पानी." डोळ्यात ॲसिड गेलं तर सगळं सोडून पाणी मार, हे म्हणताना ते पाना ठोकत नसत. आवाजही खाली जायचा. म्हणून त्यावर कोणी हसायचं नाही. दोनतीनदा करून पाहिलं, सगळे गप्प. मग मी ते गाळून टाकलं. "तू बी उडी जाशी"वर संपवलं की टाळ्या पडायच्या.

नानांच्या टपरीत आमचं जाणं-येणं भावामुळे. माझा मोठा भाऊ एका शेठची जीप चालवायचा. शेठ मारवाडी, कापसाचा व्यापार. त्यांना घेऊन भाऊ आठवड्यातून चार दिवस चोपड्याकडे जायचा. शेठच्या गल्लीत जीप वळायची नाही म्हणून ती मुक्कामाला आमच्या दारात. तिची बॅटरी अर्धी म्हातारपणाने मेलेली होती आणि अर्धी आम्ही मारली होती. कारण वीज गेली की आमच्याकडचा छोटा टीव्ही जीपच्या बॅटरीवर लागायचा. क्रिकेटची मॅच असली की सगळी गल्ली आमच्या ओसरीवर. बॅटरी पाटावर मांडलेली, गौरीसारखी, आणि पुढे तीस माणसं. दुसऱ्या दिवशी तीच तीस माणसं जीपला धक्का मारायची. कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मॅच बघितली ना, मग मार धक्का.

त्या वर्षी भावाचं एक मोठं काम होत आलं होतं. धुळ्याला एका सरकारी कचेरीत ड्रायव्हरची जागा निघाली होती. अर्ज झाला, मुलाखत झाली, गाडी चालवून दाखवायची चाचणी झाली. त्यात भावाने साहेबांची जीप बोळातून रिव्हर्स अशी काढली म्हणे, की साहेबच म्हणाले, "अरे, सावकाश!" आता फक्त मेडिकल राहिली होती. ड्रायव्हरला काय लागतं? हात, पाय, डोळे. तिन्ही होते. माय तर शेजारपाजारी सांगून मोकळी झाली होती. भाऊ शेठला सांगत नव्हता, पण शेठने "ए, इकडे ये" म्हटलं की आता जरा सावकाश जायचा. मी त्याच्या त्या चालीचीही नक्कल करायचो.

मेडिकलला पंधरा दिवस होते. रविवारी मॅच, आणि दुपारी वीज गेली. बॅटरी घरात आली, टीव्ही लागला, आपण हरलो. वीज आली तेव्हा बॅटरी पार बसलेली, आणि सोमवारी पहाटे शेठला चोपड्याला जायचं. भाऊ म्हणाला, नानांकडे टाकतो. शेठ म्हणाले, "दुकानात टाकली तर उद्याचा दिवस गेला ना रे. माझ्याकडचा चार्जर घेऊन जा. घरीच लाव. त्यात काय आहे?"

चार्जर म्हणजे पत्र्याचा डबा. कोणीतरी हाताने बनवलेला. लावला की गांधीलमाशीसारखा गुणगुणायचा. भावाने बॅटरी मागच्या खोलीत नेली. बुचं काढली नाहीत, आत कचरा जाईल म्हणून. दार लावून घेतलं, शेजारची पोरं हात लावतील म्हणून. खिडकी तर मायने आधीच लावलेली, वासाने मळमळतं म्हणून. प्रत्येकाकडे चांगलं कारण होतं. मी तिथेच होतो. मला नानांचं भाषण तोंडपाठ होतं. पण ते माझ्यासाठी भाषण राहिलंच नव्हतं. तो माझा आयटम होता.

पहाटे पाचला वीज परत गेली. भाऊ उठला होता, शेठकडे साडेसहाला पोचायचं होतं. मी अंथरुणातून म्हटलं, "चार्जर बंद पडला असेल."

"बरं झालं, बंदच करायचा होता," भाऊ म्हणाला. "पाणी किती राहिलंय तेवढं पाहतो."

मागची खोली काळीकुट्ट. टॉर्च सापडला नाही म्हणून आम्ही चुलीजवळची काड्यापेटी घेतली. भावाने अंधारात चाचपून बुचं काढली. मी दारात उभा. तो म्हणाला, "लाव रे तुझ्या नानाला!"

मी लावला. दाराच्या फळीवर बोटाने ठक. बूच काढ. ठक. दार उघडं ठेव. ठक. भाऊ हसत होता. खाली वाकून त्याने काडी पेटीवर धरली. मी नाकातून म्हटलं, "काडी नको ओढजो," आणि तो हसत हसतच म्हणाला, "चार्जर बंद शे ना नाना!"

आणि ओढली.

चार्जर बंद होता हे खरं. पण रात्रभर बॅटरीतून निघालेला गॅस त्या बंद खोलीत, त्या आत्तापर्यंत बंद असलेल्या बुचांखाली तसाच बसून होता. फटाक्यासारखा आवाज झाला. बॅटरीचं वरचं झाकण छताला लागलं. मी आधी हसलो. हे मला सांगायचं नव्हतं, पण हसलो. मला वाटलं, मागे पडून तो पण "उडी जाशी"ची नक्कल करतोय.

मग तो ओरडला, ॲसिड डोळ्यांत गेलं होतं. माय धावत आली, वडील, आमचे आबा, रिक्षा आणायला पळाले. मायने भावाचं डोकं मांडीवर घेतलं, तुपाच्या वाटीत बोटं घातली आणि दोन्ही डोळ्यांत तूप घातलं. भाजल्यावर आमच्याकडे तूपच लावतात. मी वाटी धरून उभा होतो. न्हाणीत हंडा भरलेला होता. माझ्यापासून चार पावलांवर.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी मारलं का?" आबा म्हणाले, "तूप घातलं." डॉक्टर वळले. नर्सला म्हणाले, धू.

उजवा डोळा वाचला. डावा वाचला म्हणायचा, पण नुसता नावाला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून भाऊ खाटेवर पडला होता. मी शेजारी बसलो होतो. गल्लीतले भेटून गेले होते, शेठ नवीन ड्रायव्हरला घेऊन भेटून गेले होते. भाऊ म्हणाला, "नाना डोळ्याचं काही सांगायचे का रे?"

मी म्हटलं, "हो."

"काय?"

मी सांगितलं. साध्या आवाजात.

"मग तू कधी म्हणायचा नाहीस ते?"

"त्यावर कोणी हसत नव्हतं."

त्याने खाटेखाली हाताने पेला चाचपला. मग म्हणाला, "माठातलं पाणी दे." प्यायला मागत होता.

पट्टी निघाली. बाहेरून पाहिलं तर डोळा फक्त लाल होता, जागरण झाल्यासारखा. माय म्हणाली, मेडिकलला जा तरी, देवाला काळजी. आम्ही दोघं सकाळच्या बसने धुळ्याला गेलो. व्हरांड्यात बारातेरा उमेदवार बाकावर. आतून एकेकाचा डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं वाचल्याचा आवाज यायचा. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझे कान एकदा ऐकलं की सोडत नाहीत, तेवढंच मला येतं. मी दाराला टेकून उभा राहिलो. चार जणांचं ऐकलं. चौघांनी तीच अक्षरं, त्याच क्रमाने वाचली. मी येऊन भावाला पढवलं. वरची ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. त्याने डोळे मिटून सातआठ वेळा म्हटलं. एकदाही चुकला नाही. मला वाटलं, आपण जे केलं ते आपणच पुसलं.

भाऊ आत गेला. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. डॉक्टर वयस्क, कंटाळलेले. आधी उजवा डोळा. भावाने धाडधाड वाचलं. मग डॉक्टरांनी उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकायला लावला आणि हातातली छडी तक्त्यावर ठेवली. भावाने वरच्या ओळीपासून सुरुवात केली. न अडखळता, अगदी मी पढवल्याप्रमाणे.

डॉक्टर थांबले. "मी काठी कुठे ठेवली आहे?"

भावाने मान तक्त्याकडे पुढे केली.

छडी या वेळी सरळ तिसऱ्या ओळीवर होती, लाल डोळा बघून त्यांनी क्रम बदलला असावा. ती ओळ चौघांनी वाचलेली मी ऐकली होती. छडी मी ऐकली नव्हती. छडीचा आवाज येत नाही.

"कोणी पाठ करून घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही साहेब," भाऊ म्हणाला. "मीच."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. फार वेळ लागला नाही, एकच शब्द असावा. मग खाली मान घालूनच म्हणाले, "पुढच्याला पाठव."

पुढचा शिरपूरकडचा होता, वीसबावीसचा, पायात नव्या चपला. आम्ही पाठांतर करताना तो शेजारीच बसला होता. त्याने भावाचा हात धरला. "भाऊ, झालं का तुमचं? मले बी सांगा ना ते. मले लांबनं जरा कमी दिसस." त्याच्या खिशातून चष्म्याची दांडी डोकावत होती.

माझ्या ओठांवर आलं होतं, पोरा, चल निघ. तेवढ्यात भाऊ त्याच्या शेजारी बाकावर बसला. त्याला चारही ओळी सांगितल्या. दोनदा म्हणवून घेतल्या. मग म्हणाला, "आणि आधी काठी देख. ती कोठे शे ते देख, मंग बोल."

तो आत गेला. आम्ही निघायला हवं होतं, पण भाऊ उठला नाही. पाच मिनिटांत पोरगा बाहेर आला, चेहरा उजळलेला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं.

"तुमना डोयाले काय झायं भाऊ?"

"कचरा गेला होता," भाऊ म्हणाला.

स्टँडपर्यंत तो आमच्याबरोबर चालला. रस्त्यावरून ट्रक जात होते, डाव्या बाजूने आला की भाऊ दचकायचा. स्टँडवर त्या पोराने चहा सांगितला. नको म्हटलं तरी ऐकेना. भावाने घेतला, बशीत ओतून, सावकाश. मध्येच त्याला म्हणाला, सरकारी गाडी आहे, सकाळी निघण्याआधी तेल-पाणी स्वतः बघत जा, दुसऱ्यावर सोडू नको. तो पोरगा मान हलवत होता. माझा चहा समोर तसाच होता. त्यावर साय धरली.