लान्स नायक गावस आणि किल्ल्याबाहेरची माणसं

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आमची तुकडी हिमालयातल्या चौकीवर चढली. उंची सोळा हजार फूट, माणसं नऊ. खालची चौकी चार तासांवर, तीही वाट उघडी असली तर. कमांडर सुभेदार पाटील, कोल्हापूरकडचे. मी नायक परब, पेडण्यातल्या हरमलचा. लान्स नायक रघुवीर गावस डिचोलीतल्या पाळीचा. गोव्याचे आम्ही दोघंच.

पहिल्याच दिवशी सुभेदारसाहेबांनी विचारलं, "तुमचं राज्य झालं म्हणे. मग भाषा कोणती तुमची? कोकणी का मराठी?"

गावस म्हणाला, "बोलतो कोकणी, साहेब. घरी पत्र लिहितो मराठीत."

"आणि भांडता?"

"दोन्हींत."

दिवस ठरलेला असे. पाचला उठायचं. रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवायचा, कारण पाणी दुसरं नव्हतंच. सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर उभं राहायचं. आठला आणि चारला रेडिओ चेक. कपडे चढवायला वीस मिनिटं लागत. बोटं बधिर असल्यामुळे बूट एकट्याला बांधता येत नसत. जोडीदाराने बांधायचे. माझे गावस बांधायचा.

एकदा बूट बांधता बांधता तो म्हणाला, "नाइटांचंही असंच. दुसऱ्याने चढवल्याशिवाय त्यांना चिलखत घालता येत नसे."

"कोण नाइट?"

"युरोपातले जुने घोडेस्वार. आठशे-हजार वर्षांपूर्वीचे."

त्याचे वडील पोर्तुगीज अमदानीतले शाळामास्तर. घरात पोर्तुगीज भाषेतलं एक जाडजूड पुस्तक होतं. वडील ते रोज थोडं वाचायचे आणि कोकणीत सांगायचे. गावसला ते जवळजवळ पाठ होतं. चारचा रेडिओ चेक झाला की सगळे बंकरमध्ये बसत आणि गावस सांगू लागे. राजकन्या आणि राक्षस त्यात नव्हते. ती माणसं जगत कशी, ते होतं.

लोखंडी कड्यांचा अंगरखा, त्याच्या आत कापूस भरलेला डगला. घामाने आणि पावसाने कड्यांना गंज चढे. मग तो अंगरखा वाळू भरलेल्या पिंपात टाकून पिंप अंगणभर लोळवत. गंज निघून जाई. किल्ल्यात खिडक्यांना काच नाही. मधोमध जाळ, छताला धूर. हिवाळाभर मिठातलं मांस आणि वाटाण्याची पेज. ताटाऐवजी शिळ्या पावाची जाड चकती.

"आपल्या उंड्यासारखी," गावस मला म्हणाला. उंडो म्हणजे आमच्याकडचा कडक गोल पाव. "रस्सा मुरला की ती चकती दारातल्या गरिबाला, नाहीतर कुत्र्याला."

बेळगावकडचा सिपाही कांबळे हे सगळं मन लावून ऐकायचा. तिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. त्याने विचारलं, "आणि लढाई?"

"लढाई कधीतरी. वेढेच जास्त. महिनोन्‌महिने बसून राहायचं. तलवारीने मेले त्याहून जास्त हगवणीने मेले."

सुभेदारसाहेबांचा प्रश्न कायम एकच असे. "पाणी कुठून आणत?"

"विहीर, साहेब. विहीर आटली की किल्ला गेला."

साहेब कोपऱ्यातल्या रॉकेलच्या जरीकॅनकडे बघायचे.

जानेवारीत एकदा गावसने एका वेढ्याची गोष्ट सांगितली. आसपासच्या गावांतली माणसं किल्ल्यात आश्रयाला आली होती. धान्य पुरेना, तेव्हा किल्लेदाराने म्हातारे, बायका, आजारी यांना दरवाज्याबाहेर काढलं. वेढा घालणाऱ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. किल्ल्याने परत आत घेतलं नाही. भिंत आणि खंदक यांच्यामध्ये ती माणसं हिवाळाभर उघड्यावर राहिली. गवत खाल्लं. मेली.

कांबळे म्हणाला, "आणि आतले नाइट?"

"भिंतीवरून दिसत होतं त्यांना."

सुभेदारसाहेब म्हणाले, "आज पुरे."

फेब्रुवारीत आठ दिवस बर्फ थांबला नाही. वाट बंद झाली. रॉकेल संपत आलं, माणशी दिवसाला दोन मग पाणी. सातव्या दिवशी कांबळेला खोकला सुरू झाला. आठव्या दिवशी दुपारपर्यंत तोंडाला गुलाबी फेस आला. फुप्फुसात पाणी भरलं होतं. उंचीवरच्या या आजाराला खाली उतरवणं हाच उपाय. ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता, तो संध्याकाळी संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आभाळ उघडलं. साहेबांनी रेडिओ सेट घेतला.

"हेलिकॉप्टर कधी? ओव्हर."

"आज नाही. खाली ढग आहेत. ओव्हर."

"पेशंट आजचा दिवस काढणार नाही. ओव्हर."

"उतरवायचं की नाही, निर्णय तुमचा. खालून पार्टी निघू शकते. ओव्हर."

कांबळे ऐकत होता. एकेक शब्द तोडत म्हणाला, "साहेब, वाटेवर चार जण मरतील. मला पलीकडच्या बंकरमध्ये ठेवा. माझ्या वाट्याचं रॉकेल वाचेल."

"कांबळे, तू गप्प पड," गावस म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "याला बाहेर काढून आपण पाणी प्यायचं? मी नेतो, साहेब."

साहेबांनी सेट खाली ठेवला. "परब, तू पार्टी कमांडर. गावस आणि आणखी दोघं. पोचल्यावर कळव."

सात दहाला निघालो. कांबळे स्लेजवर बांधलेला. बर्फ मांडीपर्यंत. साडेनऊला एका नाळेशी, डोंगरातल्या घळीशी, आलो. वरचा उतार ताज्या बर्फाने भरलेला होता. अशी जागा एकेकाने ओलांडायची असते. गावस पुढे झाला. दोर तीस मीटरचा, नाळ त्याहून रुंद. मध्यावर दोर संपला. मी ओरडलो, "मागे ये!" त्याने हात हलवला, दोर सोडला आणि चार-पाच पावलं पुढे गेला.

आवाज आधी आला. त्याने वर बघितलं, मग आमच्याकडे. "फाटीं सरा!" म्हणजे मागे सरका. आम्ही स्लेज ओढली. बर्फ आमच्यापुढून दहा फुटांवरून गेला. थांबला तेव्हा गावस दिसत नव्हता.

त्याच्या कमरेला लाल दोरी होती, बर्फाखालचा माणूस सापडावा म्हणून. ती वर कुठेच आली नाही. आम्ही फावडी आणि हातांनी खणलं. स्लेजवरून कांबळे म्हणत होता, "शोधा त्याला. मला राहू द्या." मग त्याचं बोलणं बंद झालं. ओठ निळे पडले.

साडेदहाला मी थांबण्याचा हुकूम दिला. एक जवान खणतच राहिला. त्याच्या हातातून मी फावडं काढून घेतलं. सेटवर बोललो, "एक बेपत्ता. पेशंट घेऊन उतरतोय. ओव्हर." पलीकडून उत्तर आलं, "रॉजर."

वरचा उतार आता रिकामा झाला होता. आम्ही ओलांडला. पावणेबाराला खालची पार्टी भेटली. कांबळे वाचला.

गावस जूनमध्ये सापडला. आम्ही खणलं त्याच्यापासून सहा पावलांवर. तळावर अग्नी दिला. अस्थी मी गोव्याला नेल्या.

पाळीला बस पोचली तेव्हा दुपार होती. पावसाने खाणीची लाल माती घरादारांवर उडाली होती. मास्तर ओसरीवर बसले होते. अस्थी त्यांनी दोन्ही हातांत घेतल्या, आत ठेवून आले आणि विचारलं, "कितलो वेळ खणलें?"

"पन्नास मिनिटं."

"मागीर?"

"मग मी थांबवलं. दुसरा माणूस मरत होता."

"आनीक धा मिनिटां दिवंक येतालीं?"

"दहा मिनिटं देता येत होती," मी म्हणालो. "पण मग तो दुसरा राहिला नसता."

मास्तर उठून आत गेले. परत आले नाहीत. गावसची आई दारात उभी होती. तिने विचारलं, "तो उलयलो कितें निमाणें?"

म्हणजे, तो शेवटी काय बोलला. मी सांगितलं, "फाटीं सरा म्हणाला. आम्हां सगळ्यांना."

तिने मान हलवली. "जेवून वच," म्हणाली. तिने वाढलं आणि मी जेवलो. मास्तरांचं ताट झाकूनच राहिलं.

पुढे मी दर सुट्टीत पाळीला जात असे. मास्तर माझ्याशी बोलत नसत. पाचव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तो वाचलेला कसो आसा?" मी सांगितलं, बरा आहे, पेन्शनीत गेला, थोरली मुलगी दहावी झाली. मास्तर म्हणाले, "बरें." त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. आईही आता नाही.

सहा पावलांचं मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. इथे लिहिलं. लान्स नायक रघुवीर गावस, गाव पाळी, वय सव्वीस. लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या मागे त्याचं नाव घेणारे आता मी आणि कांबळे, दोघंच उरलो आहोत.