जनाकाकीचा आवाज मागे पडतो!

चार वाजवणारे एका खोलीत बसले की गाणं एक होतं आणि किस्से चार! उरणजवळच्या आमच्या गावात आमची बँजो पार्टी आहे. हळदीला वाजवतो. रेकॉर्डिंग माझ्या घरी, माझ्याच कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर माझा, त्यामुळे गाणं बिघडलं की शिव्याही मलाच!

*

पहिल्या दिवशी हरेशदादा ढोलकी घेऊन बसला. दादा एरवी बंदरावर ट्रेलर चालवतो. हेडफोन लावून त्याने थाप मारली आणि दचकून मागे बघितलं.

"आरं, माजी ढोलकी माज्या मागून येतंय!"

थाप मारली की आवाज कानात जरा उशिराने यायचा. दादा मनाने मोठा, तो त्या आवाजासाठी थांबायला लागला. तो थांबला की आवाज आणखी थांबायचा. शेवटी हळदीचं गाणं अंगाईच्या चालीवर आलं. घरात बायको म्हणाली, "छान आहे, मला झोप आली."

*

आमचा बँजोवाला नितीन, शौकीन माणूस. तो म्हणाला, "तुझे हेडफोनच भंगार आहेत." दुसऱ्या दिवशी स्वतःचे ब्लूटूथवाले घेऊन आला. त्यात तर आवाज आणखी उशिरा!

मी म्हटलं, "बिनवायरचं आहे ना, म्हणून वेळ लागतो. वायरवाले लाव."

"वायर? कोणी बघितलं तर?"

"नित्या, खोलीत आपण तिघंच आहोत!"

शेवटी लावले. पण दार बंद करून!

*

तरी थोडा उशीर राहिलाच. मी दादाला समजावलं, "कॉम्प्युटर आवाज साठवतो आणि गठ्ठ्याने पुढे पाठवतो. त्याला बफर म्हणतात. गठ्ठा मोठा, तर उशीर मोठा."

"म्हंजे गेटवर धा गाऱ्या जमल्याबिगर फाटक उघरत नाय?"

"अगदी तसंच!"

"मंग येकयेक सोर की!"

मी बफर एकदम खाली आणला. उशीर गेला, पण आवाज तेलात सुकट टाकल्यासारखा तडतडायला लागला. दादा हसला. "आता गेटवाला येरापिसा झाला. दोन-दोन सोर!"

आकडा थोडा वाढवला. तडतड बंद, ढोलकी जागेवर! एवढी पुस्तकं चाळली, पण बफर मला ट्रेलरवाल्याकडून कळला.

*

मग आली जनाकाकी, आमच्या गावची धवलारीण. आमच्याकडे लग्नात विधीची गाणी, म्हणजे धवला, गायला धवलारीण लागते. एक बाई ओळ उचलते, दुसरी मागोमाग धरते. काकीची जोडीदारीण गेली आणि डीजेपुढे एकटीचा आवाज पोचेना. काकीच्या भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. मुलाकडचे म्हणत होते, "धवला राहू द्या, गाणी लावू." म्हणून ठरलं, दोन्ही आवाज काकीनेच गायचे, आधी पहिला, मग तोच ऐकत दुसरा.

काकी गायली झकास. पण दोन्ही एकत्र लावले तर दुसरा आवाज मागे! नितीन पटकन बोलून गेला, "काकी, वय झालं, तुम्ही मागे पडता."

काकीने हेडफोन काढून ठेवले. "मी चुकले असते तं गावात निम्मी लग्ना मोरली असती!" आणि निघून गेली. मला फार वाईट वाटलं. माझ्या खोलीत येऊन काकी पहिल्यांदाच चुकीची ठरली होती.

मी हट्टाला पेटलो. कॉम्प्युटरच्या आवाज बाहेर जायच्या भोकातून वायर काढली आणि आत यायच्या भोकात घातली. एक 'टक' वाजवला, तोच परत रेकॉर्ड केला. मध्ये माणूसच नाही, तरी टक उशिरा! कॉम्प्युटर प्रत्येक नवा आवाज ठरावीक अंतराने मागे ठेवत होता. तेवढं अंतर सेटिंगमध्ये भरलं, काकीचा दुसरा आवाज तेवढाच पुढे सरकवला. दोन्ही आवाज असे बसले की मी खुर्चीवरून उठून ओरडलो!

नितीन स्वतः काकीला आणायला गेला. पाया पडला. काकीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तू पाया परलास, बरा झाला. आता ह्यो कंपुटर कवा परतो?"

*

लग्नाचा दिवस. मंडपात सगळ्यांची बडबड. डीजेवाल्याने नाक मुरडत धवला लावला. स्पीकरमधून काकीचे दोन्ही आवाज निघाले आणि मंडप हळूहळू गप्प झाला. मुलाकडच्या बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. काकी पहिल्या रांगेत, हात मांडीवर.

दोन कडवी झाल्यावर डीजेवाल्याने गाणं बदलायला हात पुढे केला. काकी ताडकन उठली.

"हात काढ! धवलारीन गातंय, दिसत नाय?"